थंडीचे पिवळे, उन्हाळ्याचे पांढरे

"स्टूल धरलंस?"

"धरलंय. तुम्ही वर बघा."

वायरमनने वर बघत पांढरा बल्ब फिरवून काढला आणि न बघताच हात खाली सोडला. बायकोने तो बल्ब घेतला आणि त्याच हातात पिवळा ठेवला. थंडी सुरू झाली की त्या घरात हा कार्यक्रम ठरलेला असे. लोक माळ्यावरून जाड पांघरुणं काढतात, हे दोघं बल्ब काढायचे. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, एका खळग्यात एक असे ते आपला ऋतू येईपर्यंत झोपलेले असत. थंडीत पिवळे, कारण पिवळ्या उजेडात खोली उबदार वाटते. उन्हाळ्यात पांढरे, कारण पिवळ्याखाली बसलं की नुसतं बघूनच घाम फुटतो. पावसाळ्यात खिडकीजवळ एक जादा, कारण पावसाळी दुपारचा काही भरवसा नसतो. हे शास्त्र वायरमनचं स्वतःचं होतं आणि त्याविरुद्ध बोलायची घरात सोय नव्हती.

बाहेर हा माणूस शिडीच्या वरच्या पायरीवर एका पायावर उभा राहून कामं करायचा. घरातल्या गुडघ्याएवढ्या स्टुलावर मात्र बायकोने धरल्याशिवाय चढत नसे. "बाहेर पडलो तर गिऱ्हाईक उचलेल," तो म्हणायचा, "घरात पडलो तर तुलाच उचलावं लागेल. मग तुझ्याच भल्यासाठी सांगतो." बायको म्हणायची, धरते ती स्टुलाची दया येऊन. लग्न झाल्यापासून हा विनोद दरवर्षी तीनदा व्हायचा आणि दोघंही तो नवा असल्यासारखा करायचे.

त्या दिवशी बल्ब लावून झाला, ती स्टूल सोडून मागे वळली आणि कोपर लागून टेबलावरचा पाण्याचा पेला खाली पडला. पेला तिच्या उजव्या हाताला होता, अगदी समोर म्हणावा असा.

"दिसलाच नाही मेला," ती म्हणाली. "या कोपऱ्यात उजेडच नाही."

घरात वायरमन असताना उजेड नाही हे ऐकून घेणं त्याला शक्य नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्या कोपऱ्यात दिवा आला.

तिचं काम रफूचं होतं. लाँड्रीवाला आठवड्यातून एकदा गठ्ठा टाकून जायचा. कसरीने खाल्लेले कोट, इस्त्रीने जाळलेल्या पँटी, खिळ्याला अडकून फाटलेली स्वेटरं. कोटाच्या आतल्या शिवणीतून ती त्याच कापडाचा धागा ओढून काढायची आणि त्याच धाग्याने भोक विणून भरायची. काम झालं की कोटाच्या मालकाला बोलावून भोक शोधायला लावावं आणि त्याला ते सापडू नये, एवढीच तिची हौस. यासाठी उजेड लागायचा तो चोख. थंडीत ऊन पुढच्या खिडकीतून तिरपं यायचं, उन्हाळ्यात मागच्या, म्हणून वायरमनने तिच्या टेबलाला चाकं बसवून दिली होती. ते टेबल वर्षभर घरातून उन्हाच्या मागे मागे फिरायचं आणि डोक्यावर लोंबणारा दिवाही त्याच्याबरोबर फिरवता येईल अशी त्याने छताला एक सळई मारली होती. शेजारपाजारचे ती सळई बघायला यायचे. वायरमन उगाचच दिवा इकडून तिकडे सरकवून दाखवायचा.

थंडी सरत आली तेव्हा तिच्या नडगीला स्टूल लागलं. तिने सांगितलं, संध्याकाळ लवकर होते, पायाखालचं दिसत नाही. त्याने भिंतीला खाली, पाऊलभर उंचीवर दिवा लावला. उन्हाळा आला तसं ती म्हणाली की बाहेरून आत आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, मघाशी चौकटच अंगावर आली. त्याने खिडकीला पट्ट्यांचा पडदा लावला आणि दारात मंद दिवा, म्हणजे डोळ्यांना हळूहळू सवय व्हावी. पावसाळ्यात आभाळ भरून यायचं आणि ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चुकायची. जिन्यालाही दिवा आला. प्रत्येक ऋतूने तिला एक कारण दिलं आणि प्रत्येक कारणाला त्याच्याकडे दिवा होता. त्याला तर हे आवडतच चाललं होतं. कामावरून येताना तो पिशवीत काहीतरी घेऊन यायचा आणि लावून झालं की विचारायचा, "आता?"

"आता बरं दिसतं," ती म्हणायची.

खोटं नव्हतं ते. चार-आठ दिवस खरंच बरं वाटायचं. शिवाय सुईत दोरा ती पहिल्या फटक्यात ओवत होती, कोटाचं भोक अजूनही मालकाला सापडत नव्हतं. समोरचं, हाताखालचं सगळं जिथल्या तिथे होतं. मग डोळ्यांचा संशय येणार कुणाला? दिवा कमी पडतो म्हणजे दिवा वाढवायचा, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दुसरं कुणी असतं तर एव्हाना डोळ्यांच्या दवाखान्यात गेलं असतं. यांच्याकडे उजेड घरचा होता, तोच नडला.

पाऊस संपता संपता लेक आली. तिला घरात ठमी म्हणत आणि दोन मुलांची आई झाली तरी ते नाव काही तिला सोडत नव्हतं. दारात पाऊल टाकताच ती डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "बाबा, हे घर आहे की दिव्यांचं दुकान?" वायरमन खूश झाला. तो एकेक बटण दाबून दाखवू लागला, हा आईच्या पायासाठी, हा कोपरासाठी, हा जिन्यासाठी. ठमी ऐकत होती, पण बघत होती आईकडे. आई टेबलाशी काम करत होती आणि ठमी तिच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर येऊन उभी राहिली होती. डोक्यावर एवढा दिवा. आईने मान वर केली नाही. सुई खाली ठेवली, आळस दिला आणि समोरच्या भिंतीला विचारलं, "ठमी कुठे गेली गं बाई, आत्ता तर आवाज येत होता."

ठमीच्या मनात पाल चुकचुकली. तिने आईच्या कानापाशी बोट हलवलं, मग गालापाशी, मग नाकासमोर. नाकासमोर आल्यावर आई दचकली.

"काय गं, माशा मारतेस काय?"

ठमीने मागे वळून वडिलांकडे बघितलं तेव्हा त्यांचा हात बटणावरच होता.

डोळ्यांचे डॉक्टर मऊ बोलणारे होते. त्यांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि शेवटी काचबिंदू असल्याचं सांगितलं. उजवा डोळा जवळजवळ गेला होता, डाव्यात मधलं तेवढं उरलं होतं. हा आजार कडेने आत येतो, म्हणाले, मधलं शाबूत असतं म्हणून माणसाला कळतच नाही. जे गेलं ते येणार नाही, उरलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे. टिकेल याची मात्र खात्री देता येत नाही, उशीर बराच झाला आहे.

वायरमनने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वॅटचा लावू?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ठमी म्हणाली, "बाबा."

"नाही, म्हणजे तिच्या टेबलावर. आत्ता आहे तो कमी पडत असेल तर मोठा लावतो. त्याचं काही नाही."

"काका, उजेड डोळ्यापर्यंत पोचतोय," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यापासून आत मेंदूकडे जी शीर जाते, ती वाळलीये."

वायरमनने मान हलवली. हे त्याला लगेच समजलं. "म्हणजे दिवा चांगला आहे, वायर गेलीये."

"तसं समजा."

"वायर बदलता येते."

"ही नाही येत."

 आयुष्यभर त्याने लोकांच्या घरी जळक्या वायरी भिंतीतून ओढून काढल्या होत्या. कुठेच इलाज नसलेलं घर त्याने पाहिलं नव्हतं. बायको बाजूला बसून सगळं ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, की थेंब जेवणाआधी घालायचे की नंतर.

घरी परत आल्यावर तो बराच वेळ दारात उभा राहिला. दिव्याखाली अंधार ही म्हण म्हणजे लोकांनी वायरमनवर केलेला विनोद आहे असं तो हसून सांगायचा. त्या संध्याकाळी एकेक दिवा लावताना त्याला कळलं की यातला प्रत्येक दिवा एकेक दवाखाना होता, जिथे ते दोघं गेले नाहीत. त्याने तसं बायकोला बोलूनही दाखवलं.

"मीच म्हणायचे ना बरं दिसतं म्हणून," ती म्हणाली. "आता आपल्या दोघांत वाटून घ्या आणि जेवायला बसा."

थेंबांचं मात्र दोघांनी डोळ्यात तेल घालून सांभाळलं. तो तिची मान मागे करायचा, पापणी ओढायचा आणि इतका हळू थेंब सोडायचा की ती म्हणे, आधीच्या थेंबाला दाढी आली. थंडी आली. दोघांनी पिवळे लावले, पण घरात तो चुकूनही "आता?" असं विचारत नव्हता. तिला काय दिसतं आणि काय नाही हे तो चोरून मापायचा. ती ताट ओढताना कडा चाचपते का, दोरा ओवताना मान किती वाकवते. एक दिवस त्याने टेबलावरचा दिवा काढून दुप्पट मोठा लावला, दुसऱ्या दिवशी काढून लहान लावला, मग पिवळट, मग निळसर. त्यातला एकही डॉक्टरांनी सांगितला नव्हता. त्याला दुसरं काही येत नव्हतं म्हणून तो हे करत होता. बायको सगळं मुकाट चालू द्यायची. एकदाच म्हणाली, "अहो, बसा जरा. दिवा थकला."

त्याच सुमारास एका मोठ्या घरी तो दिवे बसवायला गेला होता. तिथल्या बाईंना दिवाणखान्यातला उजेड फार होत होता, त्यांना तो बटण फिरवून कमी करता यायला हवा होता. कमी, अजून कमी, इतका की माणसं नुसती सावल्यांसारखी दिसावीत. तेवढाच छान वाटतो, त्या म्हणाल्या. वायरमन एरवी गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा माणूस. त्या दिवशी तो त्या बाईंवर असा खेकसला की त्या दोन पावलं मागे सरल्या. मग लगेच वरमून माफी मागितली आणि त्यांना हवा तसा, हवा तेवढा अंधार बसवून दिला.

उन्हाळ्यात पांढरे आले आणि त्याच उन्हाळ्यात एक कोट परत आला. लाँड्रीवाला स्वतः घेऊन आला. त्याला बोलायचं जिवावर आलं होतं, म्हणून तो आधी हवेबद्दल बोलला, मग आपल्या गुडघ्याबद्दल. शेवटी कोट टेबलावर पसरून म्हणाला की गिऱ्हाईक जरा विचित्रच आहे, त्याला खोड्या काढायची सवय आहे. तिने कोटावरून बोटं फिरवली. भरलेली जागा तिला लगेच सापडली. तिने कोट उचलून डोळ्याच्या अगदी जवळ नेला, मग वायरमनपुढे धरला. "कसलाय धागा?"

कोट काळा होता आणि धागा तपकिरी. वीण इतकी बारीक आणि सरळ होती की हात लावून दुसऱ्या कुणालाच कळली नसती. टेबलावर दोन कोट एकदम असणार, या कोटाला त्या कोटाचा धागा गेला होता. वायरमनने बराच वेळ निरखल्यासारखं केलं.

"काळाच दिसतो मला तरी," तो म्हणाला.

लाँड्रीवाला खाली बघू लागला. ती दोघांच्या मधून कुठेतरी बघत हसली. "तुम्हा दोघांनाही मग थेंब घालायला हवेत," ती म्हणाली. मग कोटाची घडी घातली, बाही आत, कॉलर वर, जशी ती नेहमी घालायची, आणि लाँड्रीवाल्याच्या हातात दिली. "उसवून दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आणि आता आणू नका."

तो म्हणाला, साधं-सुधं काहीतरी आणत जाईन, बटणं वगैरे. तिने नको म्हटलं. रफू करणारीने बटणं लावायची म्हणजे काय ते त्यालाही कळत असावं, कारण त्याने आग्रह केला नाही.

टेबल त्या दिवसापासून ऊन शोधत फिरायचं थांबलं. उन्हाळ्यातल्या खिडकीशी होतं तिथेच राहिलं. पावसाळा आला तसं डाव्या डोळ्यातलं मधलंही आकसत गेलं. आधी चेहरा दिसायचा, मग चेहऱ्यातलं नाक, मग समोर कुणीतरी आहे एवढं. डॉक्टर थेंब बदलत होते. वायरमन दर वेळी खुर्चीत पुढे सरकून बसायचा आणि दर वेळी डॉक्टर तेच सांगायचे, फक्त आणखी मऊ आवाजात. ठमी म्हणाली माझ्याकडे चला दोघं. आई म्हणाली, तुझ्या घरातलं फर्निचर मला ओळखत नाही.

मग थंडी पडली. पहिल्या दिवशी वायरमनला ट्रे आठवला. दुसऱ्या दिवशीही आठवला. त्याने काढला नाही. कुणासाठी पिवळे आणि कुणासाठी पांढरे, असं त्याच्या मनात आलं आणि त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की तो माळ्याकडे बघायचंही टाळू लागला.

एका संध्याकाळी तो कामावरून परत आला. दिवस लहान झाले होते, गल्लीतली सगळी घरं उजळली होती आणि त्याचं एकट्याचं घर काळं होतं. त्या घरात संध्याकाळी अंधार असल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.  फ्यूज गेला असेल असं तो स्वतःला सांगत होता, पण पाय मात्र धावत होते. दार ढकलून तो आत शिरला आणि स्वतःच्याच घरात स्टुलाला ठेचकाळला.

"अगं!"

"इथेच आहे," तिचा आवाज आला. "थांबा, हलू नका, लागेल कुठे तरी."

चार पावलं वाजली, अजिबात न अडखळता, आणि बटण दाबल्याचा आवाज झाला. दिवा लागला. ती भिंतीशी उभी होती. टेबलावर तिने जुनी दोऱ्यांची रिळं काढली होती आणि गुंता सोडवून पुन्हा गुंडाळत बसली होती, सगळे रंग एकात एक.

"अंधारात काय बसलीस?" तो म्हणाला. धाप लागली होती त्याला.

"मला कुठे कळतंय आता अंधार झालेला? तुमची वेळ झाली की लावते एरवी. आज तुम्ही लवकर आलात." मग म्हणाली, "दिवा तुमच्यासाठी लागतो ना."

वायरमन खाली बसला. घरातले सगळे दिवे आपण तिच्यासाठी लावतो असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आणि किती दिवसांपासून, कोण जाणे, ती त्याची यायची वेळ ओळखून त्याच्यासाठी ते लावत होती.

"अजून पांढराच आहे ना हा?" तिने विचारलं.

तो चमकला. "तुला कसं कळलं? दिसलं?"

त्या एका क्षणात त्याच्या आवाजात काय काय आलं ते तिला ऐकू आलं असणार, कारण भिंत सोडून ती त्याच्याजवळ आली. मग हळूच म्हणाली, "नाही हो. तुम्ही स्टूल धर म्हणाला नाहीत. थंडी तर केव्हाच पडली."

"आता कशाला..." तो म्हणाला आणि पुढचं गिळलं.

"मला काडीचा फरक पडत नाही, माहितीये," ती म्हणाली. "तुम्हाला पडतो. पांढऱ्या उजेडात थंडीभर तुमची चिडचिड होते. ती मला ऐकावी लागते. काढा ट्रे."

त्याने माळ्यावरून ट्रे काढला. तिने स्टूल दिव्याखाली आणलं आणि दोन्ही हातांनी धरलं. तो चढला. चढण्याआधी त्याने बटण बंद केलं होतं, त्यामुळे खोलीत पुन्हा अंधार होता, गल्लीतल्या खांबाचा थोडा उजेड खिडकीतून येत होता तेवढाच. त्याने पांढरा बल्ब काढला आणि हात खाली सोडला. तिने तो घेतला आणि त्याच हातात पिवळा ठेवला, नेहमीसारखा, मध्ये जराही न चुकता. पिवळा होल्डरमध्ये फिरवताना त्याला रडू आलं. दोन्ही हात वर गुंतलेले होते, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. पुसायची तशी गरजही नव्हती, बघणारं कुणी नव्हतं, हे लक्षात आलं आणि त्याला आणखीच रडू आलं.

"स्टूल हलतंय," ती म्हणाली. "पडाल."

"नाही पडत. तू धरलंयस."

तो उतरला आणि बटण दाबलं. खोली पिवळी झाली. भिंती, रिळं, तिचे हात, सगळ्यावर थंडीचा उजेड आला. ती खाली बसून काढलेला बल्ब बाहीने पुसत होती. अजून गरम होता, म्हणून तिने तो जरा वेळ दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. मग बोटाने ट्रेमधला मोकळा खळगा शोधला, त्यात तो ठेवला आणि पुढचा पिवळा काढून घेतला.

"चला," ती म्हणाली, "जिन्याचा राहिलाय."

त्याने स्टूल उचलायला हात पुढे केला, पण ते तिने आधीच उचललं होतं. एका हातात स्टूल, दुसऱ्यात बल्ब, खांदा भिंतीला घासत ती पुढे निघाली आणि तो ट्रे घेऊन मागे. जिन्याच्या तोंडाशी तिने स्टूल खाली ठेवलं, पायाने किंचित डावीकडे सरकवलं आणि खाली वाकून धरलं. वायरमनने वर बघितलं. होल्डर बरोबर डोक्यावर होता.

"चढा," ती म्हणाली.